खुंटा हलायचा नाही

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

निघालो एकदाचे! घरगाडीच्या मागच्या स्टँडला मोटरसायकल बांधण्यातच तास गेला. चार पट्टे, त्यातला एक सारखा सैल. ही आतून ओरडतेय, "अरे, बाईक बांधतोयस की बाळाला झोपवतोयस?"

घरगाडी म्हणजे नाव मोठं. आत दोघांना एकदम वळता येत नाही. मी वळलो की हिने बसायचं, ही वळली की मी. पलंगाखाली पाण्याची टाकी, टाकीवर माझे बूट, बुटांवर हिचे स्वेटर.

तीन आठवड्यांची रजा. तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट तपासल्या, "सुरक्षित" म्हणून सह्या ठोकल्या. रस्ता हिनेच आखला — आधी दातवाला, मग तळ्याकाठी दोन दिवस, शेवटी मास्तर.

"मास्तरकडे जायलाच हवं का? वाट वाकडी होते," म्हटलं.

"जायलाच हवं." विषय संपला.

शनिवार, ५ नोव्हेंबर

दातवाल्याच्या अंगणात मुक्काम. अंगणाला उतार. चाकांखाली लाकडाच्या पाचरी सारून सारून दमलो, तरी तव्यातलं अंडं एका बाजूला पळतं. दातवाला आमच्या जुन्या बाईकवाल्या टोळक्याचा म्होरक्या. हल्ली दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून त्याचीच पाठ वाकलीय. मला बघितल्याबरोबर म्हणाला, "तोंड उघड." पंचवीस वर्षं हाच विनोद.

रविवार, ६ नोव्हेंबर

आज ट्रेल! टायरची हवा कमी केली, साखळीला तेल घातलं आणि दातवाल्याच्या मागे सुटलो. दगड, ओढा, मुळं, पुन्हा दगड. एकदा आपटलो, क्लचचा दांडा वाकला, हसत उठलो. या वयात असं हसू कुठे येतं!

दातवाल्याच्या बायकोचे वाटेत चार फोन. "पोचलास का, पडलास का, जेवायला किती वाजता?" मी ट्रेलवर असताना ही मात्र कधी फोन करत नाही. दातवाला म्हणतो, "नशीबवान आहेस लेका." मी हेल्मेट चढवलं.

जेवताना व्हायचं तेच झालं. त्याने माझ्याकडे बोट करत मास्तरचा किस्सा काढला. "भूगोलाचा मास्तर, आणि रस्ता चुकला! ह्याच्या मागून येत होता, बरोबर वाटेने येत होता, आणि परत उलटा वळून गेला की खाणीकडे! कशाला? तर त्याचं त्यालाही माहीत नाही!" सगळे खो खो हसले. मीही हसलो. घास तोंडात ठेवून हसलो.

ही हसली नाही. उठून पाणी आणायला गेली. जग भरलेला होता.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

तळ्याकाठी. ही पाय बुडवून बसलीय. वही उघडलीच आहे, तर लिहूनच टाकतो. अकरा वर्षं कुठेच लिहिलं नाही.

आमचा नियम साधा होता. फाटा आला की सगळ्यात पुढचा आपल्या मागच्याला बोट दाखवायचा. त्याने तिथेच उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवायचं. तो खुंटा. सगळ्यात शेवटी येणारा तो शेपूट, हत्यारांची पिशवी त्याच्याकडे. शेपूट येईपर्यंत खुंट्याने हलायचं नाही. दातवाला दर वेळी बजावायचा, "शू लागली तरी खुंटा हलायचा नाही!" आणि फाट्यावर खुंटा दिसला नाही तर? सरळ जायचं. तोही नियमच.

त्या दिवशी खुंटा मी. शेपूट मास्तर.

बाकीचे गेले. मास्तर येईना. वाटेत कुणाची तरी साखळी बसवत होता, हे नंतर कळलं. वीस मिनिटं थांबलो. मग निघालो. का निघालो ते इथेही लिहीत नाही.

मास्तर फाट्यावर आला असेल. उजवीकडे वळण दाखवायला कुणी नाही. नियमाने सरळ गेला. सरळ पुढे जुनी खाण होती. चार तास तिथे पडून होता. डावा गुडघा गेला तो गेलाच, आता वाकत नाही. डोक्यालाही मार. सकाळचा चहा आठवतो त्याला, आणि मग एकदम दवाखान्याचं छत.

सगळ्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मास्तर आला ना फाट्यावर. मी हात दाखवला आणि पुढे निघालो. माझ्या मागेच होता."

एक वाक्य. तोंडातून गेलं ते गेलं. दुसऱ्या दिवशी मागे घेता आलं असतं. आठवड्याने घेता आलं असतं. मग ते किस्सा झालं, आणि किस्सा कोण मागे घेतं?

नालायक माणूस आहे मी.

बुधवार, ९ नोव्हेंबर

वारा नाही, बिघाड नाही, सबब नाही. उद्या मास्तर.

गुरुवार, १० नोव्हेंबर

मास्तरने फाटकापाशी येऊन मिठी मारली. पाय ओढत आला, पण आला. "लिफ्टवाले! अडकला होतात का कुठे इतकी वर्षं?" वहिनींनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आलात बरं झालं. यांना कुणी बोलायला नाही. एकटं मी कुठे सोडत नाही."

"का?"

हळूच म्हणाल्या, "विसरलात? चालत्या वाटेवरून उलटे वळले होते. डॉक्टर म्हणतात काही नाही. पण मला भीती वाटते. दुकानात गेले तरी मी मागे असते."

मी समजत होतो मास्तरचा फक्त गुडघा गेला!

आणि मग त्याची खोली. भिंतभर नकाशा. हाताने काढलेला, आमच्या त्या ट्रेलचा. प्रत्येक फाटा, प्रत्येक ओढा, चढाच्या रेषासुद्धा. पेन्सिलच्या खुणा, खोडलेल्या, परत काढलेल्या, आणि उजव्या वाटेवरून उलटी वळून खाणीकडे जाणारी एक वाकडी रेघ. मला खुर्चीवर बसवलं आणि पट्टी घेऊन शिकवायला उभा राहिला.

"सांग, इथे तू. मी इथे आलो. तू हात दाखवलास. मी तुझ्या मागे उजवीकडे निघालो. मग मी खाणीत कसा पोचलो? किती अंतरावरून वळलो? काही पडलं होतं का माझं? कुणी हाक मारली? आठव ना जरा, तूच एकटा होतास तिथे!"

"आठवत नाही रे," म्हणालो.

"जाऊ दे," म्हणाला. "माझं डोकंच कुठेतरी फिरलेलं असणार." आणि हसला. ते हसणं मला सहन होईना. बाहेर येऊन अंगण धुवायला लागलो. अंगण स्वच्छच होतं.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळचा चहा झाला, तसाच उठून नकाशापाशी गेलो. फाट्यावर बोट ठेवलं. "मास्तर, मी इथे नव्हतो. तू यायच्या आधीच निघून गेलो होतो. तू वळला नाहीस. तू सरळ गेलास, नियमाने गेलास. खोटं मी बोललो."

मास्तर नकाशाजवळ सरकला. मग खोडरबर घेतलं आणि परतीची ती वाकडी रेघ पुसायला लागला. नीट, कडेपासून, फळा पुसतात तशी.

"का गेलास?"

"थंडी वाजत होती. कंटाळलो."

"कंटाळलास." पट्टी टेबलावर ठेवली. "अकरा वर्षं मी स्वतःला तपासतोय रे! शाळेत पोरं नकाशा दाखवून चिडवायची. घरात ही मला विहिरीच्या काठावरल्या पोरासारखं सांभाळते. मी स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास घालवून बसलो. आणि तू कंटाळला होतास!"

दारात वहिनी. सगळं ऐकलेलं. पदराने तोंड झाकून आत गेल्या.

"बाहेर हो," मास्तर म्हणाला. बरोबरच म्हणाला. घरगाडी काढून टेकडीच्या पायथ्याशी लावली.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. कसलं हलकं! ओझं जिथल्या तिथे, फक्त आता त्याच्याही डोक्यावर.

शनिवार, १२ नोव्हेंबर

सकाळपासून हिचे हात थांबेनात. भांडी घासली, गॅस पुसला, परत तीच भांडी घासली. मग एकदम म्हणाली, "फोनचं सांगितलंस?"

मी वळलो. ही बसली नाही. अरुंद जागेत समोरासमोर उभे.

"कुठला फोन?"

"उगाच वेड पांघरू नकोस."

लपवून ठेवलेलं ते हेच. वहीतसुद्धा लिहिलं नाही. त्या दिवशी आमच्या तंबूपाशी ही एकटीच होती. फाट्यावर माझा फोन वाजला. "कुठे आहेस?" "खुंटा झालोय." "अजून? ये ना रे, मला भीती वाटतेय इथे." म्हणून निघालो. मला वाटायचं हिच्या लक्षातही नसेल. कशाला हिच्या गळ्यात बांधायचं?

"दहा मिनिटांत आलास तू," ही म्हणाली. "नंतर तू सगळ्यांना सांगितलंस ना, मास्तर मागेच होता, तेव्हाच मला कळलं, खोटं आहे. मी काय केलं? चहा गाळला. अकरा वर्षं चहाच गाळतेय."

नंतर रडली. मीही. घरगाडीत रडायलाही जागा धड नाही.

डोळे पुसले, चपला घातल्या आणि एकटीच मास्तरच्या घराकडे निघाली. "येऊ का?" विचारलं. "तू थांब," म्हणाली.

चार तासांनी परत आली. काय झालं ते सांगेना. एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी बाईक काढ. टेकडीवरच्या फाट्यापर्यंत जा."

"कशाला?"

"जा म्हटलं ना."

रविवार, १३ नोव्हेंबर

वही जाकिटात होती, म्हणून गुडघ्यावर धरून लिहितोय. फाट्यावर.

पोचलो तोच फोन वाजला. हिचा! ट्रेलवर, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"कुठे आहेस?"

"फाट्यावर."

"थांब तिथेच. मास्तर निघालेत. वहिनींची स्कूटर घेऊन. एकटे."

एक तास होत आला. थंडी आहे. शूही लागलीय. हलत नाही.