दारावरचा लाल आकडा

बुवापाडा, अंबरनाथ

प्रिय साईनाथ,

हे 'प्रिय' लिहिताना दात खाल्ले मी, पण दुसरं काय लिहिणार, एकुलता एक भाऊ आहेस. फोन तू कुठेतरी फेकून दिलास, म्हणून हा कागद ठमी मावशीच्या हाती देतेय. ती रानभाजी विकायला बदलापूरला आली होती. तिच्याच तोंडून कळलं की तू तिच्याकडे पाड्यावर लपलायस, दोन वेळ गिळतोस आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतोस. मावशीला वाटतंय पोरीबिरीचं काही लफडं केलंस. मी तिला काही बोलले नाही. आधी बातमी ऐक. किर्ती जिवंत आहे. आणि तिला मारलं म्हणून पोलिसांनी नितीनला धरलंय. आपला नितीन, शेजारच्या राजाबाईचा, तुझ्याबरोबर एकच रिक्षा आलटून पालटून चालवणारा. तो आत मार खातोय आणि तू मावशीच्या हातची नाचणीची भाकरी खातोयस. लाज वाटते का रे थोडी तरी?

किर्तीचं सांगते, कान झाकू नकोस. उल्हासनगरला दवाखान्यात आहे. उजव्या कानाच्या वर कवटी फुटली होती. हाडाचा तुकडा काढून ठेवलाय, तिथे डोकं नुसतं मऊ आहे, बाळाच्या टाळूसारखं. उजवा डोळा गेला, कायमचा. जबडा तारांनी बांधलाय, नाकातल्या नळीतून पेज देतात. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही. हातात ब्रश होता एवढंच तिने पाटीवर लिहून दाखवलं, तेही अक्षरं घसरत घसरत. तिची आई रोज येते, माझा हात धरून विचारते की त्या लोकांचं माझ्या पोरीने काय वाकडं केलं होतं गं. 'ते लोक' म्हणते. मला घरून डबा आणून देते, बस, खा म्हणते, आणि मी तिच्यासमोर बसून तिच्या हातचं खाते. तुझी बहीण म्हणून बसलेय हे तिला माहीत नाही.

तुझ्या लेखी ती 'कॉलेजवाली मॅडम'. आमची टीम काय करते हे तू कधी विचारलंही नाहीस. शुगर आणि बीपी आपल्या वस्त्यांत इतकं का, आणि पाय काळा पडल्यावरच किंवा तोंड वाकडं झाल्यावरच का कळतं, हे शोधायचं आणि थांबवायचं, एवढंच काम. आधी आम्ही सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ गोळी घ्या म्हणून सांगत सुटलो होतो. मग किर्तीच्या ध्यानात आलं की आनंदनगरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्याची सकाळ दर आठवड्याला बदलते. तेव्हापासून आम्ही घड्याळ सोडलं आणि पहिला डबा उघडायच्या आधी गोळी, असं सांगायला लागलो. लोक घ्यायला लागले. बाबांचा अंगठा काळा पडलेला पहिल्यांदा कोणी बघितला? ना तू, ना मी. तिने. बाबांनी शिव्या घातल्या, पाय सोड म्हणून दुसऱ्या पायाने लाथ घातली, ती सरळ तिच्या पोटात बसली. ती मटकन खाली बसली, थोडा वेळ श्वासच घेता येईना तिला, आणि मग म्हणाली की काका, भारी जोर आहे, दोन्ही पाय ठेवू तुमचे. एका अंगठ्यावर भागलं. नाहीतर गुडघ्यापासून कापला असता.

आता लाल आकड्याचं. तीन महिन्यांनी त्याच घरात परत जाऊन त्याच माणसांना तपासायचं असतं, नाहीतर फरक पडला की नाही हे कळणार कसं? आपल्या गल्लीत घरांना नंबर नाहीत. खडूने लिहिलं तर बायका दार पुसून काढतात. म्हणून ऑइल पेंट आणायचं ठरलं. उल्हासनगरच्या रंगवाल्या शेठकडे छोट्या डब्यात लालच शिल्लक होता, किर्ती तो घेऊन आली. आकडा दुरून दिसावा म्हणून तिने त्याच्याभोवती गोल काढला. सोसायटीत वाढलेल्या मुलीला दारावरचा लाल गोल म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? मी घरात बाबांची पट्टी बदलत होते, बाहेर कोणता रंग चाललाय ते मला दिसलंच नाही. पण गल्लीतल्या प्रत्येकाला तो गोल पाठ आहे. नाल्याकाठच्या आपल्या जुन्या घरावरही तोच होता. आठवडाही गेला नाही आणि जेसीबी आला.

ते तू विसरलेला नाहीस आणि मीही नाही. तोडकामवाल्यांनी आईला केसांना धरून बाहेर ओढलं. बाबांच्या पाठीवर काठी मोडेपर्यंत मारलं. तू एवढासा, एकाच्या मनगटाला चावलास, तर त्याने कानाखाली अशी ठेवून दिली की रक्त आलं. त्या कानाने तुला अजून कमी ऐकू येतं. आईच्या बीपीच्या गोळ्या फळीवर होत्या, फळी भिंतीखाली गेली. प्लास्टिकच्या खोपीत ती गोळ्यांशिवाय राहिली. नव्या आणायचं कोणाला सुचलं नाही, आणि एका दुपारी भाकरी थापता थापता ती चुलीवरच कोसळली. हात भाजत होता आणि तिला तो मागे घेता येत नव्हता. तू म्हणायचास आईला जेसीबीने मारलं. मी म्हणायचे बीपीने. दोघांचंही खरं होतं रे. मी त्याच्यापायी या टीममध्ये आले आणि तू त्याच्यापायी दांडी उचललीस. मला ते कळतं. पण कळतं म्हणजे माफ केलं असं समजू नकोस.

त्या दुपारी तू गल्लीत रिक्षा घातलीस, प्रत्येक दारावर गोल बघितला आणि ओरडलास की घरं तोडायला आले. तुझाच आवाज पहिला होता. मी पट्टी टाकून बाहेर धावले तेव्हा बायकांनी किर्तीच्या झिंज्या धरल्या होत्या, रंगाचा डबा तिच्या डोक्यावर उपडा केला होता. तोंडभर लाल, रक्त कुठलं आणि रंग कुठला हेच समजेना. शुगरचा नंबर आहे, शुगरचा, असं ती सारखं सांगत होती. ज्या हातांना तिने बीपी मोजायला शिकवलं तेच हात तिच्या तोंडावर पडत होते. मी मध्ये घुसले तर कोणाचं तरी कोपर बसलं आणि माझा दात तुटला. तेवढ्यात तू सीटखालून जॅकची दांडी काढलीस. लाथाबुक्क्या सगळ्यांच्या होत्या, साईनाथ, दांडी तुझी एकट्याची. पहिला फटका मी आईच्या नावावर लिहीन. पण ती पडली, तिने तुझ्याकडे बघून तुझं नाव घेतलं, साईदादा म्हणाली. कोण आहे ते तुला कळलं. आणि तरी तू मारलंस. मग पुन्हा मारलंस. नितीन तिच्या अंगावर आडवा पडला, तुझा पुढचा फटका त्याच्या पाठीवर बसला, तेव्हा कुठे तुझा हात थांबला. दांडी रिक्षात टाकलीस आणि पळालास.

नितीननेच तिला त्याच रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले होते. दवाखान्याच्या दारात पोलिसांना काय दिसलं? रक्ताने भिजलेला शर्ट आणि सीटखाली दांडी. मारणारा दवाखान्यात कशाला आणेल हे कोणी विचारलं नाही. मला आत किर्तीजवळ ठेवलं होतं, बाहेर आले तोवर त्याला घेऊन गेले होते. काल राजाबाईला घेऊन त्याला डबा द्यायला गेले. तळवे सुजून काळेनिळे झालेत, उभं राहता येत नाही, भिंतीला धरून सरपटत गजांपाशी आला. डाव्या हाताची दोन नखं नाहीत. राजाबाई बघून तिथेच आडवी झाली, मी मोजलं तर बीपी भयंकर वाढलेलं. आणि तो येडा मला हळूच काय विचारतो, तर साई बरा आहे ना. एवढं सोसून त्याने अजून तुझं नाव घेतलेलं नाही.

गल्लीत सगळ्यांचं तोंड शिवलंय. बाहेरची माणसं आली होती म्हणतात. सगळ्यांनी बघितलंय आणि कोणी काही बघितलेलं नाही. मी बोलेन या भीतीने परवा कोणीतरी पत्र्यावर धोंडा टाकला, तो बाबांच्या उशाशी पडला. काल नितीनला भेटून परतले तर माझं बीपीचं मशीन रस्त्यात आपटून फोडलं. कॉलेजने टीम परत बोलावली, काम बंद. गोळ्या संपत आल्यात, आता गल्लीत कोणाचा पाय काळा पडला तर बघायला कोणी येणार नाही. दारावरचे गोल मात्र तसेच आहेत, घासलं तरी निघत नाहीत. नितीनचं काय करायचं म्हणून मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, पोरगा आपला आहे. नितीनही कोणाचा तरी पोरगा आहे म्हटलं, तर थोबाडीत मारली त्यांनी मला. अजून बोलत नाहीत.

तर हे पत्र कशासाठी, ते आता ऐक. आज सकाळी मी पोलिसांत जबाब देऊन आले. दांडी कोणी मारली, किती जोरात मारली, सगळं सांगितलं. माझ्या सख्ख्या भावाने, असं लिहून घ्या म्हटलं, आणि खाली सही केली. तो कुठे आहे विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणाले. खोटं बोलले, आणि तुझ्यासाठी हे शेवटचं. नितीनला ते अजून सोडत नाहीत, तू हातात येईपर्यंत सोडणार नाहीत म्हणतात. परवा मावशी भाजी घेऊन उतरेल तेव्हा तिच्याबरोबर खाली ये, वांगणी स्टेशनला मी उभी असेन, चौकीवर आपण दोघं जाऊ. नाही आलास तर त्याच पावली जाऊन मी पाड्याचं नाव सांगणार. मग ते मावशीच्या दारावर येतील आणि तिच्यासमोर तुला फरफटत नेतील. तुला मारणार नाहीत, असं खोटं सांगून मी तुला बोलवत नाही. मारतील, नितीनला मारलं तसंच मारतील. पण तो मार तुझा असेल, आणि तुला मारतील तेव्हा मी घरी जाणार नाही, दाराबाहेर बसून ऐकत राहीन.

तुझीच,
रोहिणीताई