उजवी पाकळी

पेडणे, सोमवार संध्याकाळ

आज माझ्या बायकोने, सुमनने, देवाची माफी मागितली. खरं तर ती मी मागायची होती.

वैशाखात डॉक्टर म्हणाले, आमच्या पोरीच्या हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात जन्मापासूनच एक जादा पडदा आहे, क्वचितच कुणाला असतो; छाती उघडून काढावा लागेल. देवाचा कौल घ्यायला मी एकटाच गेलो. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पाकळी पडली. म्हणजे करा. पण पोरीची छाती उघडायची, हे मला नको होतं. घरी येऊन सांगितलं, डावी पडली.

तीन महिने पोर बसून झोपली, आडवं झालं की दम लागायचा. शेवटी चक्कर येऊन पडली, तेव्हा सुमनच कौल झुगारून तिला ऑपरेशनला घेऊन गेली. आता पोर जिना धावत चढते.

आज नारळ ठेवून सुमन म्हणाली, "देवा, तू नको म्हटलंस, तरी आमी चेडवाचां ऑपरेशन केलां. राग धरू नको."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. ती उजवी पाकळी त्यांनीच माझ्या हातावर ठेवली होती. मग त्यांनी नारळ फोडून अर्धा सुमनच्या हातावर ठेवला. मी वाकून नमस्कार केला.

वाटेत सुमन म्हणाली, "आता कसां हलकां वाटतां, न्हय?"

मी हो म्हणालो.