चरातली मुहूर्तमेढ

अंबरनाथ,
सोमवार, ता. २ मे १९५५

चि. हेमचंद्र यास गुरुदत्तचे अनेक आशीर्वाद.

पत्राचे कारण लिहिण्याआधी खुशाली कळवायची असते, म्हणून कळवतो. इकडे सर्व क्षेम आहे, फक्त उडी मारल्याशिवाय घरातून बाहेर पडता येत नाही. सौ. सुनेत्रास आशीर्वाद. तिच्या माहेरी आंबे उतरले असतील. (आमच्याकडे बनूबाई कैऱ्या घेऊन यायची, ती हल्ली येत नाही. का, ते पुढे येईलच.) अलिबागच्या वाऱ्यावर झोप फार चांगली लागते म्हणतात. तुला ती एरवीही चांगली लागते, तू आमच्या सुधार समितीचा ओव्हरसिअर आहेस. तू ओव्हरसिअर झालास तेव्हा गल्लीभर पेढे मी वाटले होते, आणि तेव्हाच तू मला सांगितले होतेस की भाऊजी, रस्त्याची कामे घरात नकोत, कचेरीत कारकुनाकडे द्या. मी तो शब्द आजवर पाळला. आज मोडतो आहे, कारण येत्या रविवारी आमच्या पद्मजेचे लग्न आहे आणि शुक्रवारी तुझी समिती तिची मुहूर्तमेढ उपटणार आहे.

पहिल्यापासून सांगतो, कारण तू रस्त्यांचा अधिकारी असल्यामुळे रस्त्यावर काय चालते हे तुला ठाऊक असण्याचा संभव कमी. होळीच्या सुमारास वीज कंपनीची माणसे आली आणि त्यांनी आमच्या पायरीला लागून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खणला. परवाना तुझ्याच कचेरीचा होता. आठवड्यात केबल टाकायची, चर बुजवायचा आणि रस्ता पूर्ववत करायचा, असे त्यात लिहिले होते म्हणे. (पूर्ववत रस्ता कसा होता ते आता गल्लीत कोणालाच आठवत नाही.) केबल काही आली नाही. खणणारा कंत्राटदार वेगळा, केबल टाकणारा वेगळा आणि बुजवणारा अजून नेमायचा आहे. रात्री लाल कंदील लावावा असाही नियम आहे. पहिल्या रात्री लावला होता. दुसऱ्या रात्री कंदील गेला, चर राहिला. त्यात बनूबाईची टोपली घरंगळली आणि कैऱ्या वेचता वेचता ती मला म्हणाली, "दादा, तुमचे दारान येवाला आता होरी लागंल." होडी ती कुठून आणणार? तिने गिऱ्हाईकच सोडले. मग तुझी बहीण, माई, त्यात पडली. पाय मोडला नाही, मुरगळला. पण अजून लंगडते. मुलीच्या लग्नात आईने भिंतीला धरून चालावे याचे मला फार वाईट वाटते, आणि ते मी थट्टेवारी नेणार नाही.

मी कचेरीत गेलो. तुझ्याकडे नव्हे, तुझ्या आज्ञेप्रमाणे कारकुनाकडे. त्याला विचारले की मुदत उलटून गेली, तर कंपनीला दंड का नाही? त्याने मला शांतपणे समजावले, की कामाला उशीर किती झाला हे काम संपल्यावरच मोजता येते. काम संपल्याचे कंपनीने कळवले की दंड बसतो. आणि दंड बसेल म्हणून कंपनी कळवत नाही. हा नियम कोणी केला, असे मी विचारले. तो म्हणाला, "साहेबांनी." त्याच्या आवाजात अभिमान होता. मी छत्री उचलून घरी आलो.

आता मेढीकडे येतो. आमचे घर चराच्या अलीकडे आणि मांडवाची मोकळी जागा पलीकडे. मांडवाचे काम निर्वासितांच्या कॅम्प चारमधल्या लछमनदासला दिले आहे. (माणूस भला. सगळे सोडून सिंधहून आला, पण कधी रडगाणे गात नाही. मी पायरीवरून उतरण्यापुरते गातो.) मेढ रोवायला घाम गाळून नवा खड्डा खणायची वेळ आली, तेव्हा तो चराकडे बोट दाखवून म्हणाला, "साईं, नया खड्डा किसलिए? कंपनी का तैयार पडा है." विष्णुपंत गुरुजींना विचारले. त्यांनी थोडा विचार करून सांगितले की भूमी सगळीकडे एकच, कंपनीने खणली म्हणून विटाळत नाही. मग काय, चरातच मेढ उभी केली, आंब्याचे डहाळे बांधले, हळदकुंकू वाहिले आणि भोवती माती लोटून, चोपून पक्की केली. एवढ्या मोठ्या चरात तेवढाच तुकडा बुजला, हेमचंद्रा, आणि नेमका तोच बेकायदा ठरला.

दुसऱ्याच दिवशी तुमचा शिपाई रघू नोटीस घेऊन आला. बिचारा ओशाळला होता, पण लाडू खाऊन गेला. नोटिशीचा मथितार्थ असा, की जो चराचा वापर करील तो चराचा धनी, आणि वापर करणारा गल्लीत मी एकटाच आढळलो. शुक्रवारपर्यंत मेढ काढली नाही, तर समिती ती उपटणार. (हा नियमही तुझाच असावा. घडण ओळखीची वाटली.) कंपनीला याची कुणकुण लागताच तिचे पत्र आले, की सदर चर आता आपल्या ताब्यात असल्याने आमची जबाबदारी संपली. त्यांना केबल सापडत नव्हती, टपालाचे तिकीट मात्र ताबडतोब सापडले. तेव्हा आज मी, कारखान्यात जन्मभर नकाशे काढलेला एक निवृत्त माणूस, अख्ख्या गल्लीच्या लांबीच्या खड्ड्याचा मालक आहे. शेजारी मला कंदील कधी लावणार म्हणून विचारतात.

खरे सांगू? मला क्षणभर आनंदच झाला. माझा चर, तर मी बुजवतो! फावडे घेऊन उतरलोही. रघूने हात जोडून बाहेर काढले. बुजवणे हेही रस्त्याचे काम, त्याला परवाना लागतो. परवाना मागितला, तर कारकून म्हणाला की आधी मेढ काढा; मेढीसकट चर बुजवला तर ते रस्त्यातले पक्के बांधकाम होईल. अक्षता पडायच्या आत मेढ काढत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. तोही लग्न झालेला माणूस. मग मी म्हटले, बुजवणे राहू दे, पायरीपासून पलीकडे एक फळी टाकतो, नवरी मुलगी तेवढी मांडवात जाऊ दे. तर फळी हा पूल झाला! पुलाला नकाशा. नकाशा मी काढला. आयुष्यात इतका सोपा नकाशा काढला नव्हता: एक लांबट चौकोन. तो परत आला, उत्तर दिशा दाखवलेली नाही म्हणून. दिशा दाखवून पुन्हा नेला. सगळे बरोबर आहे, कारकून म्हणाला, फक्त साहेबांची सही हवी.

आणि साहेब रजेवर.

माईला तू सांगून गेला होतास की सुनेत्राला आणायला दोन दिवस अलिबागला जातो. तिने ते खरे मानले आणि तुझ्यासाठी डिंकाचे लाडू बाजूला ठेवले. (रघूने खाल्ले ते तेच.) मी कारकुनाला विचारले, साहेब कधी येणार? तो म्हणाला, "आता लग्न उरकूनच. सख्ख्या भाचीचं लग्न आहे हो. एकुलता एक मामा, सगळं त्यांच्याच अंगावर पडलंय. दोन आठवडे झाले, बिचारे लग्नघरी राबतायत." मी लग्नघरातूनच आलो होतो. त्याला म्हणालो, ती भाची माझी मुलगी. त्याने उठून माझे अभिनंदन केले.

त्या दिवशी घरी आलो. पद्मजेनेच विषय काढला. म्हणाली, "बाबा, कल्याणला एखादं कार्यालय बघू या. मला चालेल." तिला चालेल, हेच मला लागले. मुलीने समजूतदार व्हावे इतका तिचा बाप हतबल झाला. आणि माई रोज विचारते, मेढ उपटली तर पोरीचे कसे व्हायचे? असल्या गोष्टींना मी जन्मभर हसलो आहे. आता हसू येत नाही. पहाटे उठून मेढ उभी आहे ना, ते मी खिडकीतून बघतो.

कळावे, लोभ आहे म्हणणे रीतीला धरून होईल, म्हणून आहे.

तुझा भाऊजी,
गुरुदत्त

ता. क. हे पत्र माईने वाचले. तिचे म्हणणे, आपल्या माणसाला असे लिहू नये, कामाच्या व्यापात राहून जाते. तू सुनेत्राला घेऊन शनिवारीच यावेस, लाडू पुन्हा वळले आहेत. सुनेत्रासाठी अंजिरी शालू घेतला आहे.

आणखी ता. क. माई पाय शेकायला आत गेली आहे, तोवर लिहितो. तू लग्नाला येऊ नकोस. गुरुवारी परस्पर कचेरीत जा, रजा रद्द कर, मेढीची नोटीस मागे घे, फळीच्या नकाशावर सही कर आणि हवे तर पुन्हा अलिबागला जा. मंगलाष्टकांच्या वेळी पद्मजेच्या मागे मामा म्हणून लछमनदास उभा राहतो म्हणाला आहे, विष्णुपंतांची हरकत नाही. सही मात्र त्याची चालत नाही. मी कचेरीत विचारून आलो.