पश्चिमेकडे तोंड केलेली खुर्ची

दि. ९ मार्च, सकाळ

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. ईश्वरकृपेने इकडे सर्व ठीक. ओळी वरखाली दिसल्या तर दोष लेखणीला द्यावास.

तू ठरवल्याप्रमाणे काल जुन्या टेलिफोन कचेरीच्या गच्चीवरील उपाहारगृहात जाऊन आलो. तुझ्या आईने ज्या दालनात बसून उभ्या शहराचे फोन जोडून दिले, तिथे आता मोठे स्वयंपाकघर आहे. दगडी जिना तोच. कठडा धरून चढलो. सूर्यास्तापूर्वीची वेळ मीच मागून घेतली होती आणि तुझी खुर्ची पश्चिमेकडे तोंड करून ठेवायला लावली.

वाढप्याने पदार्थांची यादी वाचून दाखवली. मी दोघांचे जेवण सांगितले. शेजारच्या टेबलावरची मंडळी जेवणाची फार स्तुती करीत होती, त्यावरून ते उत्तम असावे. अतिथीआधी यजमानाने घास घेणे शास्त्राला मान्य नाही, म्हणून मी थांबलो. फोन मुद्दामच घरी ठेवला होता. तुझ्याशी बोलताना मध्ये कुणी नको होते.

दिवस मावळला. गच्चीवर पुष्कळ दिवे लागले म्हणे. मला नुसते पिवळे धुके दिसले.

वाढपी हळूच म्हणाला, "आजोबा, ताई येतायत ना नक्की?"

"वाटेत आहे."

"मग सूप तरी घ्या. मी त्यांना सांगणार नाही."

मला हसू आले. घेतले मात्र नाही. अखेर त्याने दोन्ही जेवणे बांधून दिली आणि जिना उतरेपर्यंत माझा हात सोडला नाही. पुडकी अजून तशीच आहेत.

घरी आल्यावर तुझा निरोप ऐकला. ऐनवेळी कामे निघतात. राग नाही. मागच्या खेपेलाही नव्हता.

एक गोष्ट समोरासमोर सांगायची योजली होती. उरलीसुरली दृष्टी आता फार दिवस टिकणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. नित्यपाठ सारा मुखोद्गत आहे. डोळ्यांवाचून माझी उपासना अडणार नाही. तुझा चेहरा तेवढा पाठ करायचा राहिला. माझ्या मनात तू अजून त्या कचेरीच्या दाराशी, दोन वेण्या घालून, आई सुटायची वाट पाहत उभी आहेस. आणि केस पिकू लागले असे तूच फोनवर सांगतेस.

पुन्हा गच्ची नको. घरीच ये. दुपारी ये, खिडकीपाशी ऊन असते.

उजेड आहे तोवर वाट पाहणारे,
तुझे बाबा