साडेसातचा फोन

प्रिय शुभा,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तू जाऊन वर्ष होत आलं. तुला चार ओळी लिहायच्या तरी मी नावाआधी 'चि.' घालायचो. आता तिथेच पेन अडतं. त्यापायी कितीतरी कागद फाडले.

आज लिहायला बसलो ते इयनमुळे. गेल्या रविवारी तुझा नवरा दोन्ही कुत्र्यांना घेऊन आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "बाबा, यू डिड एव्हरीथिंग राइट." मी मान हलवली. कुठल्या तोंडाने हलवली, शुभा?

इयन बोटीवर कामाला गेला की तुझा कागद माझ्याकडे असायचा. त्या शनिवारी सकाळीही तू तो फ्रिजवर लावलास. ग्लासगोत इतकी वर्षं काढून मला त्या डोंगरांची नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून तू ती देवनागरीत लिहायचीस. गाडी कुठे लावणार, कुठून चढणार, कुठून उतरणार. पोलिसांना फोनवर काय सांगायचं ती इंग्रजी वाक्यंसुद्धा देवनागरीत. आणि खाली ठळक अक्षरात: सहापर्यंत माझा फोन आला नाही तर लगेच कॉल करा. सातवी शिकलेल्या बापासाठी किती करायचीस.

मी म्हटलं, "वर बर्फ पडलाय. आजच जायला हवं का? नि एकटीच?"

"एकटी कुठे? ही दोघं आहेत ना. मध्ये मध्ये बोलत नाहीत, ते बरं. बाबा, तुमची काळजी कधी संपणार? बुटांना स्पाइक्स घेतलेत." दारातून पुन्हा वळलीस. "आणि सहाच्या आधी पॅनिक नाही हं. प्रॉमिस?"

आदल्या वर्षीचं तू विसरली नव्हतीस. तेव्हा मी पाच वाजून दहा मिनिटांनीच फोन केला होता. बचाव पथकाची पंधरा-वीस माणसं दोऱ्या, स्ट्रेचर घेऊन निघाली, आणि तू पायथ्याच्या कॅफेत बसून कुत्र्यांना स्कोन भरवत होतीस. फोनची बॅटरी संपलेली. किती लाजलीस. "बाबा, ते व्हॉलंटियर्स आहेत. जेवण टाकून येतात." मग मी बेसनाचे लाडू केले आणि आपण ते त्यांना देऊन आलो. त्यांचा तो लाल दाढीवाला पुढारी लाडू हातात झेलत म्हणाला, "हे खायचं की याने गोल्फ खेळायचं?" नंतर माझा खांदा धरून म्हणाला, दहा वेळा उगाच बोलावलंत तरी आम्ही येऊ. मला कळलं होतं, तरी तू ते मराठीत पुन्हा सांगितलंस.

तेच का नाही आठवलं मला? आठवली ती फक्त लाज.

तीस वर्षं या शहरात बस चालवली. दोन मिनिटं उशीर झाला तरी जीव खालीवर व्हायचा. आणि त्या संध्याकाळी घड्याळ समोर असताना मी काय केलं? सहा वाजले. अंधार तर चारलाच पडला होता. सव्वासहाला फोन उचलला आणि ठेवला. असेल कॅफेत, म्हटलं. पुन्हा त्या लोकांना ताटावरून उठवायचं? हा म्हातारा फिरून घाबरला म्हणतील. तुझ्यासाठी आमटी गरम केली, ती निवली, पुन्हा केली. तुला फोन लावत राहिलो, तर तुझाच आवाज यायचा, मेसेज ठेवा म्हणून. सातला कोट घालून दाराशी उभा राहिलो. कुठे जाणार होतो कोणास ठाऊक. साडेसातला फोन केला. तुझी वाक्यं वाचली. एकही चुकलं नाही.

तुझी आई असती तर सहाच्या ठोक्याला तिने माझ्या हातून फोन ओढून घेतला असता.

हॅमिश वाटेवर उभा राहून भुंकत होता, म्हणून ते तुझ्यापर्यंत पोचले. तू उतारावरून घसरली होतीस, पाय मोडलेला. बिजली तुझ्या अंगावर आडवी पडून होती. तिच्या अंगाखालचा भाग तेवढा बर्फाने झाकला नव्हता. लाल दाढीवाला मला सांगायला आला तेव्हा म्हणाला, तुझं अंग अजून गार पडलं नव्हतं. धीर द्यायला म्हणाला असेल. ते शब्द मला जगू देत नाहीत.

इयन घरी यायच्या आत मी फ्रिजवरचा कागद काढून लपवला. त्याने विचारलं, "तिने किती वाजताची वेळ दिली होती?" मी म्हणालो, "हाफ पास्ट सेव्हन." त्याने विश्वास ठेवला. तेव्हापासून दर रविवारी येतो, माझी औषधं आणतो, मला बाबा म्हणतो. हे सगळं मी खोटं बोलून मिळवलंय.

येत्या रविवारी त्याला खरं सांगेन. कागद त्याच्या हातात देईन आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवेन. मग तो पुन्हा या दारात आला नाही तरी चालेल. चालेल कसलं, पण सांगेन. हा माझा शब्द.

पण तो एक प्रश्न विचारेल आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या दीड तासात तू जागी होतीस का गं? बाबांनी एव्हाना फोन केला असेल, असं म्हणत होतीस का? रागावली असलीस तरी चालेल. स्वप्नात ये, नाहीतर कशीही ये, पण रविवारच्या आत मला कळव.

तुझा,
बाबा