सतरा वर्षं आणि अर्धा इंच

६ जानेवारी, दुपार
डिपार्टमेंटमध्ये केक. चिमणी पास झाली. लहान मुलांच्या फिजिओथेरपीची सर्टिफाइड स्पेशालिस्ट! आमची ज्युनियर. सारखी चिवचिवते म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. नोकरीला लागून चार वर्षं झालीत तिला. मला सतरा.
विभागप्रमुख मॅडम केक कापता कापता म्हणाल्या, आता पुढचा नंबर कोणाचा? आणि एकेकाकडे बघितलं. मला सोडून. माझ्यामागच्या कपाटाकडेसुद्धा बघितलं.
मी म्हणालो, माझा. जूनची परीक्षा देतोय.
कोणीतरी केकचं झाकण लावलं.
देणार म्हणजे देणारच. सतरा वर्षं या मॅटवर रांगतोय. माझ्यासमोर रांगायला शिकलेली मुलं कॉलेजात गेली, मी अजून रांगतोच आहे. परीक्षा म्हणजे निव्वळ औपचारिकता.

७ जानेवारी
संकल्प: पहाटे पाचला उठून दोन तास अभ्यास.
उठलो ७.२० ला. स्नायूंना विश्रांती नसेल तर अभ्यास अंगी लागत नाही. हे कुठल्या पुस्तकात नसेल, पण अनुभव नावाची काही चीज असते.

११ जानेवारी
पुस्तक आलं. अकराशे चाळीस पानं. किचनच्या काट्यावर तीन किलो दोनशे. बायको शाळेत गणित शिकवते. तिने उभ्या उभ्या भागाकार करून सांगितलं, परीक्षेपर्यंत रोज साडेसात पानं. म्हटलं, मी पंधरा वाचेन.
प्रस्तावना वाचली. बरी लिहिली आहे.

२ फेब्रुवारी
बायकोच्या मते आता रोज साडेआठ. विचारलं नव्हतं मी.
पुस्तक डिपार्टमेंटला नेलं. एका मुलीला एक पाय वर ठेवून तोल सांभाळायला पायरी हवी होती. पुस्तकाची उंची अगदी नेमकी. चिमणी बघत होती. बूट तरी काढून घ्या, एवढंच म्हणाली. हिला पुस्तकाचं पडलंय, मला पेशंटचं. हाच तो फरक.

१९ फेब्रुवारी
फॉर्म वाचला. मुलांबरोबर काम केल्याचे दोन हजार तास दाखवायचे. दोन हजार? माझे चाळीस हजार तरी असतील. पुरावा काय म्हणून चिमणीने विचारलं. मी गुडघे दाखवले.
फॉर्मला गुडघे जोडता येत नाहीत. तीन दिवस जुनी रजिस्टरं उपसणार.

४ मार्च
एक केस रिपोर्टही द्यायचा आहे. केस ठरली: न्यायाधीशबाई. वय साडेतीन. अपुऱ्या दिवसांची जन्मलेली, दोन्ही पाय ताठ, वॉकर धरून चालते. खेळणं पुढे केलं की माझ्याकडे अशी बघते की निकाल आधीच लिहून झालाय, मी फक्त शिक्षा ऐकायला उभा आहे. आईवडील कामावर जातात, म्हणून सोबत आजोबा येतात. ते शिंपी. टेप कायम गळ्यात. तिचे पाय सरळ ठेवणाऱ्या स्प्लिंटना आतून मऊ अस्तर शिवून आणतात.
माझ्या पद्धतीने ती एक जूनपर्यंत वॉकरशिवाय दहा पावलं टाकणार. रिपोर्टचा निष्कर्ष आजच लिहून टाकला. बाकीचं मध्ये भरता येईल.

२६ मार्च
न्यायाधीशबाईंची पावलं: शून्य. माझ्या अंगावर फेकलेल्या वस्तू: चार.
चिमणीने तिला जिन्याच्या तीन पायऱ्या चढवल्या. कठडा धरून, म्हणजे ते धरायचं नाही.

१० एप्रिल
मुलगी आठवीत आहे. तिला प्रश्नांची कार्डं करून दिली, माझी उजळणी घे म्हणून. मूल कितव्या महिन्यात बसतं, कधी उभं राहतं, कधी उडी मारतं, असे शंभर प्रश्न. मी एकसष्ट बरोबर. मग मी तिला विचारले. चौऱ्याण्णव.
याचा अर्थ मी शिकवतो चांगलं.

१६ एप्रिल
बायको म्हणाली, रोज एकोणीस पानं. काहीतरी चुकतंय तिचं. म्हणाली, भाजक लहान होत चाललाय आणि भाज्य जिथल्या तिथे आहे. घरात गणिताचा माणूस असू नये.

३ मे
आजोबांचं नवीन खूळ. म्हणाले, "दादा, हिचा उजवा पाय अर्धा इंच तोकडा भरतोय. आधी विजारीचे दोन्ही पाय सारखे बेतायचो, आता उजवीकडे जास्त दुमडावं लागतं." गळ्यातली टेप काढून दाखवायलाच निघाले.
शांतपणे समजावलं. ताठ पायांची मुलं वाकडी उभी राहतात, त्यामुळे तसं भासतं. ते म्हणाले, झोपलेली असताना मोजलं. म्हटलं, आजोबा, शिंप्याने मापं जरूर घ्यावीत, पण कापडाची. बिचारे टेप गुंडाळत बसले.
माझ्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलंय: दोन्ही पायांची लांबी समान. मागच्या फाइलवरून जसंच्या तसं उतरवलंय. पाय काय रोज बदलतात?

२४ मे
चिमणीने सराव परीक्षा घेतली. हट्टच धरला म्हणून दिली. दोनशेपैकी एक्याण्णव. पास व्हायला एकशे तीस लागतात.
कारणं: खुर्ची डुगडुगत होती. शेजारच्या खोलीत एक बाळ रडत होतं आणि ते भुकेने नाही, कंटाळ्याने रडतंय हे मला आवाजावरून कळत होतं, त्यामुळे लक्ष लागेना. अशा गोष्टी कळायला सतरा वर्षं जातात. त्याला मार्क नाहीत.
बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, अंगण खरंच वाकडं असू शकतं, ही शक्यता कोणी तपासत का नाही?

१ जून
न्यायाधीशबाईंची पावलं: शून्य. उलट हल्ली मांडी फाकवू देत नाही, रडते. वाढीचं वय आहे, स्नायू आखडतात. रिपोर्टात 'दहा पावलं' खोडून 'दहा पावलांच्या दिशेने समाधानकारक वाटचाल' केलं. पाठवला.

१४ जून, दुपारी दोन
परीक्षा झाली! चार तासांचा पेपर, तिसऱ्या तासाला उठलो. बाकीचे अजून स्क्रीनकडे डोळे फाडून बसले होते. एकाने माझ्याकडे बघितलं. आदराने असावं.
बायकोने विचारलं, कसा गेला? म्हटलं, गेला.

१६ जून
चहाच्या वेळी चिमणीला सांगितलं, पेपर काढणाऱ्यांनी आयुष्यात मूल हातात धरलेलं नसणार. उदाहरण दिलं. प्रश्न: दोन्ही पाय ताठ असलेलं मूल, एक पाय नव्याने आखूड वाटू लागलाय, मांडी बाजूला नेताना रडतं. सर्वांत आधी काय कराल? पर्याय चार. मी निवडलं, स्ट्रेचिंग वाढवू. अनुभवाने सांगतो, स्ट्रेचिंगने सगळं सुटतं.
चिमणी चिवचिवली नाही. कप खाली ठेवला. म्हणाली, "सर, खुब्याचा एक्स-रे." मग म्हणाली, "सर, आपल्याकडची ती मुलगी..."
म्हटलं, कोणती? विचारताना माहीत होतं कोणती.

१८ जून
चिमणीने आजोबांना विचारून त्यांची मापं लिहून घेतली, एक्स-रे करवला. आज आला. न्यायाधीशबाईंचा उजवा खुबा खोबणीतून सरकतोय. चाळीस टक्के बाहेर.
मॅडमनी फाइल मागवली. अशा मुलांचा एक्स-रे दर सहा महिन्यांनी व्हायला हवा. शेवटचा एक वर्ष आठ महिन्यांपूर्वीचा. मध्ये तीन तपासण्यांवर 'सर्व ठीक' आणि सही. सही सुवाच्य आहे. माझी आहे.
बचावाचे मुद्दे लिहायला बसलो. एक, एक्स-रे लिहून देणं डॉक्टरांचं काम. दोन, डिपार्टमेंटमध्ये आठवण करून देणारी पद्धत नाही, हे मी दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये बोललो होतो, किंवा बोलणार होतो. तीन, मुलगी तपासू देत नव्हती.
तिसरा खोडला. ती तपासू देत नव्हती कारण तिला दुखत होतं. जवळजवळ तीन महिने ती मला तेच सांगत होती. वस्तू फेकून सांगत होती. तिच्याकडे दुसरं साधन काय होतं?
मग पहिले दोनही खोडले.
बायकोला सांगितलं. तिने कुठलीच म्हण वापरली नाही. ताट वाढलं. फार वाईट वाटलं.

२० जून
केस रिपोर्ट मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. कारणाच्या रकान्यात आधी 'तांत्रिक' लिहिलं होतं. मग 'मोजलं नाही' असं लिहिलं.

९ जुलै
निकाल. १०४. नापास.
हे अपेक्षित होतं असं मी म्हणणार नाही, कारण नव्हतं. पण या आकड्याने खचणारा माणूस मी नाही. खुब्याची चूक माझी, ती मी मान्य केली. म्हणून काय बाकीच्या पंच्याण्णव चुकाही माझ्याच? हे लोक काय स्वतःला समजतात!
तेवीस प्रश्नांवर लेखी हरकत घेतोय. तो एक प्रश्न सोडून.

११ जुलै
हरकतपत्र सात पानी झालं. मुलगी म्हणाली, बाबा, अभ्यासासाठी एवढं कधी लिहिलं नव्हतंत. फार बोलायला लागली आहे.

१७ जुलै
न्यायाधीशबाईंचं ऑपरेशन झालं. मांडीचे स्नायू सैल केले. सर्जन चिमणीला म्हणाले, वेळेत आणलंत, अजून सहा महिने गेले असते तर हाड कापावं लागलं असतं. चिमणीने त्यांना सांगितलं, आजोबांनी मोजलं म्हणून कळलं. माझं नाव तिने कुठेच घेतलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मी दाराबाहेर उभा होतो. ऑपरेशनच्या खोलीशी फिजिओथेरपिस्टचं काय काम? तरी सुटी टाकून अडीच तास उभा होतो. पाय मोकळे करायला, बाकी काही नाही.

५ ऑगस्ट
हरकतींचं उत्तर आलं. संपूर्ण पेपर पुन्हा तपासण्यात आला. हरकती अमान्य. मात्र फेरतपासणीत एका उत्तराला चुकून मार्क दिल्याचं लक्षात आलं. सुधारित गुण १०३.
बायको उशीत तोंड खुपसून हसली. मग म्हणाली, पडलो तरी नाक वर, पण किती वर? मीही हसलो. थोडंच.
पुढच्या वर्षीचा फॉर्म भरला. मॅडमच्या टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला. यावेळी झाकण लावायला केक नव्हता. असू दे.

१२ ऑगस्ट
सोमवारी सकाळी आठला चिमणी विद्यार्थ्यांचा क्लास घेते. गेलो. मागे बसलो. विद्यार्थ्यांना वाटलं मी तपासणीला आलोय. दहा मिनिटांनी मी एका मुलीकडे पेन मागितलं, मग सगळ्यांना कळलं, शिकायला आलोय. चिमणीने खुबा शिकवला. तीन प्रश्न विचारले मी. तिसरा प्रश्न बरोबर होता म्हणाली.

२९ ऑगस्ट
न्यायाधीशबाई आल्या. मांड्यांमध्ये आडवी पट्टी असलेला ब्रेस, त्यामुळे आजोबांच्या कडेवर बसता येत नाही, त्यांनी दोन्ही हातांवर ताटासारखी आडवी धरून आणली. ब्रेसलाही अस्तर शिवलेलं.
ठरवून गेलो होतो. आजोबांना बाकावर बसवलं आणि सांगितलं: तुम्ही मे महिन्यात म्हणालात तेव्हाच मी मोजायला हवं होतं. माझं कामच आहे ते. मी मोजलं नाही, वर तुम्हालाच शिकवलं. सहा आठवडे माझ्यामुळे गेले. चुकलो.
सबब एकही सांगितली नाही.
आजोबांनी तिला बाकावर नीट ठेवलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता, दादा? तुम्हाला काय ठाऊक असणार त्यातलं? व्यायाम त्या डॉक्टरबाई घेतात. तुम्ही तर मुलांना रमवायला आहात ना?"
मी एक खेळणं उचलून न्यायाधीशबाईंपुढे धरलं.
"छान रमवता हो," म्हणाले.