फीमाफीची वाटणी

पुसेगाव, रविवार, ता. १७ जून १९४५
सकाळचे सव्वासहा. बैलांना वैरण टाकून, हात राखेने घासून नुकताच ओसरीवर बसलो आहे.

चि. सोनाजीस थोरल्या भावाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं काम झालं. वाटणीचा कागद शुक्रवारी तहसिलात दाखल झाला. नक्कल सोबत आहे. शिक्का पुसट उमटला आहे, म्हणून त्यावर बोट फिरवू नकोस. कॉलेजचं छापील पत्रक मी चार वेळा वाचलं. बापाचा शेतसारा वर्षाला पंचवीस रुपयांच्या आत असेल तर फी माफ आणि वसतिगृहाचं जेवणही फुकट, असं त्यात स्पष्ट आहे. आपलं आणि किसनकाकांचं एकत्र खातं चौसष्टचं, निम्मे केले तरी बत्तीस. बंडोपंत पटवाऱ्यांनीच वाट काढून दिली की आपल्या वाट्यातला विहिरीचा तुकडा काकांच्या बाजूला दाखवावा, म्हणजे नऊ रुपये उतरून आपल्याकडे तेवीस राहतील.

काकांनी अंगठा उठवला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी कारण विचारलं तर म्हणाले की काहून रडू रे, चुलीत धूर हाय. चावडीत चूल नाही हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पुढे म्हणाले की सोन्या कालेजात शिकून राहिला म्हंजे आमीच शिकून राहिलो, कागदाचं काय, जमीन कुठं उठून जाते? त्यांचा माणिकराव शेजारी बसून पान लावत होता.

मसुदा मी लिहिला. चौथीत शाळा सोडली तरी अक्षर सोडलं नाही, हे तुला ठाऊक आहे. चारी बाजूंच्या हद्दी, विहिरीचा हक्क, मोटेची वाट, उभं पीक आणि पुढचं पीक, सगळं लिहिलं. बंडोपंत म्हणाले की इतका बिनचूक कागद त्यांनी वीस वर्षांत पाहिला नाही. मला दोन दिवस बरं वाटलं.

एकच गोष्ट मनाला लागली. हा कागद फक्त फीसाठी केला, अशा चार ओळी काकांकडून वेगळ्या लिहून घ्याव्यात असं मी सुचवलं. आबांनी पायातली वहाण काढून माझ्या तोंडावर मारली. म्हणाले की थोरल्या भावाकडून कागद लिहून घेणारी अवलाद माझी न्हाई. ओठ फुटला आहे, पण आता खाता येतं. विहिरीच्या तुकड्यात नेहमीप्रमाणे आपणच हळद लावणार आहोत.

आपली धाकटी मनकर्णा म्हणते की तू परत येशील तेव्हा तिला ओळखशील ना. माया पातळ होऊ देऊ नकोस.
रामकिशन


वसतिगृह, रविवार, ता. ५ ऑगस्ट १९४५

ती. दादास सोनाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फी माफ झाली. इथे सकाळी भाकरी आणि दुपारी भात पोटभर मिळतो. मायला सांगा की मी वाळलो नाही. शिकवणं उर्दूत आहे, पण पहिल्या महिन्यात मास्तरांनी मला एकदाच वर्गाबाहेर काढलं. तुमचं पत्र मी खोलीतल्या मुलांना दाखवलं. एवढं वळणदार अक्षर असलेला भाऊ शेतात काय करतो, असं ते विचारतात. मी सांगितलं की तो माझी फी भरतो.

माझा हिशेब असा आहे. चार वर्षं इथे, मग वकिली. फीचे पैसे वाचतील त्यांत मनकर्णेचं लग्न उरकावं आणि नंतर तुमच्या मुलाला मी शिकवावं. अजून तुमचं लग्न नाही, पण मुलाची सोय आधी झालेली बरी.

काळजी करू नये, पण कळवतो. तहसिलीतून दरसाल चौकशी येते. गेल्या आठवड्यात एका मुलाचा दाखला खोटा निघाला. त्याचं नाव काढलं, दोन्ही वर्षांची फी दुप्पट लावली आणि त्याच्या बापाला गावच्या चावडीत उलटा बांधून मारलं म्हणतात. तो मुलगा शेजारच्या खोलीत होता. जाताना त्याने स्वतःची पुस्तकं विहिरीत टाकली. आपला कागद पक्का आहे, म्हणून मला भीती नाही.

सर्वांची कृपा आहेच, ती कमी होऊ नये.
सोनाजी


पुसेगाव, रविवार, ता. १८ नोव्हेंबर १९४५
दुपारचे दोन. ढवळ्याला पुरून आलो आहे.

चि. सोनाजीस आशीर्वाद. वि. वि.

किसनकाका भादव्यात तापाने गेले हे तुला कळवलंच होतं. त्यांच्या चौदाव्या दिवशी माणिकराव आपल्या ओसरीवर आला, उभ्यानेच बोलला. विहिरीचा तुकडा कागदाप्रमाणे त्याचा आहे आणि आतलं पीकही त्याचं, कारण पुढचं पीक असं मी स्वतःच लिहिलं आहे. आबा हसले. त्यांना वाटलं पोरगं थट्टा करून राहिलं. म्हणाले की माणक्या, तुझ्या बापानं अंगठा दिला तो सोन्याच्या फीसाठी. माणिकराव म्हणाला की बाप गेला, अंगठा राहिला.

मग रोज काही ना काही. आठ दिवसांपूर्वी त्याने मोटेचा नाडा कुऱ्हाडीने तोडला. परवा मी बांधावर गेलो तर ढवळ्या मागच्या दोन्ही पायांवर बसला होता. बैल तसा बसत नाही. जवळ गेलो तेव्हा दिसलं की दोन्ही पायांच्या मागच्या शिरा तोडल्या होत्या. तो उठायला बघत होता आणि पुन्हा बसत होता. दोन दिवस तसाच होता. आज पहाटे आबांनी स्वतः त्याच्या कपाळावर घण घातला. तीन घाव लागले.

आबा म्हणतात की तहसिलात जाऊन खरं सांगून टाकू, वाटणी खोटी आहे, भाऊबंदांत ठरवून केली होती. दोनदा धोतर बदलून निघाले आणि दोन्ही वेळा मी वाटेत आडवा झालो. खरं सांगितलं तर तुझं नाव जाईल आणि दुप्पट फी मागे लागेल. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ढकललं. मीही त्यांना ढकललं. बापाच्या छातीवर हात ठेवला, हे मी तुला लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

काय करावं ते कळव. तू शिकलेला आहेस. या भावाला विसरू नकोस.
रामकिशन


वसतिगृह, रविवार, ता. २ डिसेंबर १९४५

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

ढवळ्याचं वाचलं आणि त्या दिवशी जेवलो नाही. आठ दिवस विचार करून हे लिहितो आहे.

वार्षिक परीक्षा मार्चात आहे. तेवढं एक वर्ष पदरात पडलं तर पुढे दुसऱ्या कॉलेजातही जाता येईल. म्हणून मार्चपर्यंत सर्वांनी सोसून घ्यावं, असं मला वाटतं. त्याला हळद काढायची तर काढू द्यावी. एका हंगामाची हळद गेली तर जाईल. मी वकील झालो की हाच कागद घेऊन ते शेत परत आणीन. आबांना म्हणावं, फक्त मार्चपर्यंत.

मी स्वार्थी आहे असं वाटत असेल तर एका ओळीने कळवा, मी उद्याच्या गाडीने येतो. पण दादा, ती ओळ लिहू नका.

आपल्या पायांशी,
सोनाजी


हिंगोली, रविवार, ता. ३ मार्च १९४६
सकाळचे आठ. एका ओळखीच्या माणसाच्या ओट्यावर बसून लिहितो आहे.

चि. सोनाजीस आशीर्वाद. वि. वि.

आम्ही कामासाठी हिंगोलीत आहोत, म्हणून पत्ता वेगळा दिसेल. हळद निघाली. आबांना आता कसलाही त्रास नाही. माय आणि मनकर्णा पुसेगावीच आहेत. तू परीक्षेशिवाय दुसरं काही मनात आणू नकोस आणि गावचं कोणी भेटलं तर फार वेळ बोलत बसू नकोस, वेळ जातो. उत्तर पाठवायची घाई नाही. पेपर संपला की कळव.

माया आहेच.
रामकिशन


हिंगोली, रविवार, ता. ३१ मार्च १९४६
सकाळचे साडेसहा. दाढी करून, धुतलेला सदरा दोरीवरून काढून ठेवला आहे. तो उद्या लागेल.

चि. सोनाजीस आशीर्वाद. वि. वि.

शेवटचा पेपर गुरुवारी झाला असेल, म्हणून आज लिहितो. बसून वाच.

आबा गेले. शुक्रवार, ता. २२ फेब्रुवारी, पहाटे, इथल्या दवाखान्यात. अग्नी मी दिला. तुला कळवू नये असं मीच सर्वांना बजावलं. मायने माझ्यासमोर कपाळ भिंतीवर आपटलं, तरी मी तार करू दिली नाही. मागच्या पत्रात खोटं एकही वाक्य नाही, पण ते पत्र खोटं होतं.

झालं ते असं. मंगळवारी, ता. १९ ला, माणिकरावाने विहिरीच्या तुकड्यातली हळद काढून बांधावरच शिजवायला घातली. तुझं पत्र आल्यापासून आबा विहिरीकडे फिरकले नव्हते. त्या दिवशी हळदीच्या पाल्याचा धूर दिसला आणि ते उठले. मी मागे गेलो. कुदळ माझ्या हातात होती, कारण मी लागूनच्या शेतात खणत होतो. ती टाकून जायला हवं होतं. आबा कढईजवळ बसले आणि म्हणाले की बेणं म्या लावलं, पहिला घाणा माझा, मग तुझं तू बघ. माणिकराव म्हणाला की काका, कागद तुमच्याच पोराच्या हातचा आहे, वाचून दाखवू का. आबांनी कढईचा काठ धरला. त्याने घासलेटचा डबा बुडवून उकळतं पिवळं पाणी आबांच्या छातीवर ओतलं. ते पुढे झुकले तेव्हा मानेला धरून खाली दाबलं. दोन्ही हात कोपरापर्यंत आत गेले. तांड्यावरचा सेवा बंजारी तिथे मजुरीला होता, त्याने आबांना मागे ओढलं. कातडी कढईत राहिली.

मी माणिकरावाच्या गुडघ्यावर कुदळ मारली. पहिला घाव मला आठवतो. दुसरा मारला हे साक्षीदारांनी सांगितलं. दवाखान्यात त्याचा पाय मांडीतून कापावा लागला, तो जिवंत आहे.

दवाखान्यात गुरुवारी पोलिसांचे अमीनसाहेब शिपाई घेऊन जबाबाला आले. त्यांनी मला बाजूला नेऊन नीट समजावलं की सगळं एका प्रश्नावर आहे, शेत कोणाचं. वाटणी खोटी असेल तर तुम्ही आपल्या पिकावर गेलात, त्याने तुमच्या बापाला जाळलं आणि तो फासापर्यंत जाईल. वाटणी खरी असेल तर तुम्ही हत्यार घेऊन त्याच्या शेतात शिरलात आणि त्याने बचाव केला. मग ते खाटेजवळ येऊन आबांना विचारते झाले. आबांचे ओठ सुजून जुळले होते, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की वाटणी खरी आहे, शेत माणिकरावाचं आहे. आबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांना दुखत होतं म्हणून केलं की माझ्यामुळे केलं, हे मला ठरवता येत नाही. पुन्हा त्यांनी तोंड इकडे वळवलं नाही.

कोर्टातही मी तेच सांगितलं. माणिकराव गेल्या सोमवारी सुटला. घरी जाताना तो कुबडीवर होता आणि त्याच्या मायने सगळ्यांदेखत माझ्या पायांवर थुंकून माझे आभार मानले. दोन्ही एकदम कसं करता येतं कोण जाणे. मी जामिनावर आहे, माझा निकाल उद्या आहे. वकील म्हणतात तीन वर्षं, फार तर चार. तेवढ्यात तुझं बी. ए. होईल.

तुला गाडीत बसून यावंसं वाटेल आणि मुन्सफांसमोर सगळं सांगावंसं वाटेल. तसं करू नकोस. आता खरं सांगितलंस तर मी खोटी शपथ घेतली हे वरून लागेल आणि फीही जाईल. मग आबा कशासाठी गेले हे मला मायला सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षाचा फीमाफीचा अर्ज मेच्या पंधरा तारखेच्या आत द्यायचा आहे. बापाच्या रकान्यात आबांचं नाव लिहून पुढे मयत असं लिही. पालकाच्या रकान्यात माझं नाव घालू नकोस. तुरुंगातला पालक चालतो की नाही हे पत्रकात दिलेलं नाही, मी पुन्हा पाहिलं. मायचं नाव लिही, पार्वतीबाई. तिचा अंगठा मी एका कोऱ्या कागदावर घेऊन ठेवला आहे, तो सोबत आहे. सारा तेवीसच लिही.

सुतक मानू नकोस असं मी सांगणार नाही. पण डोकं भादरलंस तर खोलीतली मुलं विचारतील. काय सांगायचं ते आधी ठरवून ठेव.

माझ्यावर राग धरलास तरी चालेल, पण पत्र पाठवत जा. तिथे वाचू देतात म्हणतात.
तुझा भाऊ,
रामकिशन दगडोबा

आजपर्यंतचा खर्च (निजामी हाली रुपयांत):
मलम, खोबरेल, पट्ट्या: रु. ११-४-०
सरण, राख सावडणं, तेरावा: रु. ३८-०-०
वकील: रु. ६०-०-०
गाडीभाडं व टपाल: रु. ७-१०-०
एकूण: रु. ११६-१४-०

देणं:
वकिलाचे उरलेले: रु. ४०-०-०
बंडोपंत, हातउसने: रु. १५-०-०
सेवा, तळहात भाजले, त्याची पंधरा दिवसांची मजुरी: रु. ७-८-०
एकूण: रु. ६२-८-०

कॉलेजची फी: माफ.